पालकाच्या हिशेबात सापडलेलं नाव : ग्रॅनव्हिल काउंटीच्या जुन्या कोर्टकागदांतला आमचा शोध

माझ्या सुनेच्या आजींचे पणजोबा १८३५च्या सुमारास अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रॅनव्हिल काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) गुलामगिरीत जन्मले. त्यांच्या आईचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आम्हाला १८४२ सालच्या कोर्टाच्या कागदांत मिळालं. शोध फेब्रुवारीत सुरू झाला आणि नाव हाती लागलं ते ऑगस्टमध्ये. अमेरिकेतल्या जुन्या काउंटी कोर्टांची दप्तरं म्हटलं की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. मलाही कळत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. कुटुंबाच्या इच्छेवरून माणसांची नावं दिलेली नाहीत.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी मुलाकडे राहते. त्याआधी सांगलीत सहकारी बँकेच्या कर्जखात्यात नोकरी झाली, त्यामुळे वारसनोंदी, फेरफार, जामीनकतबे हे कागद आयुष्यभर हाताखालून गेले होते. त्या सवयीचा इथे पुष्कळ उपयोग झाला.

आजी डरहॅमला राहतात, सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी त्यांना आजीच म्हणते, त्या मला ‘हनी’ म्हणतात. पहिलं काम केलं ते त्यांच्याशी बोलण्याचं. परवानगी घेऊन फोनवर बोलणं रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे लिहून काढलं. कागदांना हात लावण्याआधी हे कराच. त्या वेळी बिनमहत्त्वाचं वाटलेलं त्यांचं एक वाक्य पुढे सगळ्या शोधाची किल्ली ठरलं. त्या म्हणाल्या, “माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांना नवीन वर्षाचा दिवस अजिबात आवडायचा नाही. त्या दिवशी ते घराबाहेर पडायचे नाहीत.”

मग जनगणनेच्या नोंदी घेऊन मागे मागे जायला लागलो. अमेरिकेत जनगणनेतली नावं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे १९५०ची जनगणना १ एप्रिल २०२२ला सर्वांना पाहायला मिळाली. तीत आजी लहान मुलगी म्हणून सापडल्या आणि स्वतःचं नाव पाहून खूप हसल्या. तिथून १९४०, १९३०, असं करत १९००पर्यंत सरळ जाता आलं. १८९०ची जनगणना जवळजवळ सगळी १९२१च्या वॉशिंग्टनमधल्या आगीपायी गेली, त्यामुळे १९००वरून एकदम १८८०वर उडी मारावी लागते. हे सगळं फॅमिलीसर्च या वंशावळी शोधण्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं, फक्त खातं उघडावं लागतं. पैसे भरून वापरायची संकेतस्थळं बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत विनामूल्य उघडतात. वर्गणी भरण्याआधी आपल्या ग्रंथालयात विचारा.

नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर मृत्यूची नोंद १९१३पासून सुरू झाली. पणजोबा १९१७ साली वारले, म्हणजे त्यांचा दाखला असणार होता. तो होताही. वडिलांचं नाव : माहीत नाही. आईचं नाव : माहीत नाही. माहिती देणारा : मुलगा, म्हणजे आजींचे आजोबा. प्रमाणित प्रतीला रजिस्टर ऑफ डीड्सच्या, म्हणजे काउंटीच्या नोंदणी कचेरीत १० डॉलर पडतात. नुसत्या शोधासाठी तिची गरज नाही, संगणकावरची प्रतिमा पुरते. पण आजींना कागद हातात हवा होता, म्हणून आम्ही ती घेतली. त्या दोन ‘माहीत नाही’वर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं होतं.

१८७०च्या जनगणनेत पणजोबा भेटले : वय ३५, शेतमजूर, बायको, चार मुलं. आणि तिथे वाट संपली. आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला ही भिंत लागते. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामगिरीतल्या माणसांची वेगळी यादी आहे, पण त्या यादीत नाव मालकाचं. त्याच्या खाली फक्त वय, स्त्री की पुरुष, आणि रंग. एका ओळीत एक माणूस, नावाविना.

त्या भिंतीत एक छोटी खिडकी मिळाली. मार्च १८६६मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने कायदा केला की, गुलामगिरीत असताना नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्यांनी काउंटीच्या क्लार्ककडे किंवा जस्टिस ऑफ द पीसकडे, म्हणजे स्थानिक दंडाधिकाऱ्याकडे जाऊन आपलं नातं नोंदवावं. फी पंचवीस सेंट. गुलामगिरीतल्या लग्नांना त्याआधी कायद्याची मान्यताच नव्हती. सगळ्या काउंट्यांच्या या नोंदी टिकलेल्या नाहीत, ग्रॅनव्हिलच्या पुष्कळशा टिकल्या आहेत. पणजोबा-पणजींची नोंद मिळाली : दोघांची नावं, आणि किती वर्षं एकत्र राहत आहेत ते. आई-वडिलांचं नाव मात्र तीतही नाही.

पुढचा प्रश्न होता मालक कोण. आडनावावरून मालक सापडतो असं सर्रास समजलं जातं. ते धरून चालू नका. स्वतंत्र झाल्यावर काहींनी शेवटच्या मालकाचं आडनाव ठेवलं, काहींनी त्याआधीच्या, काहींनी स्वतः निवडलं. आमच्या बाबतीत त्या आडनावाच्या गोऱ्या घरांत जुळणारं काहीच नव्हतं. एप्रिल सगळा त्यातच गेला.

मे महिन्यात मी आणि सून रॉलीला राज्याच्या अभिलेखागारात गेलो. ईस्ट जोन्स स्ट्रीटवर १०९ क्रमांकाची इमारत आहे. जुन्या काउंटी कोर्टांचे मूळ कागद आता बहुतेक इथेच आहेत. ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं, त्याला पैसे नाहीत. पिशवी, पाण्याची बाटली, पेन सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. आत फक्त पेन्सिल, कोरे कागद आणि फोन. फ्लॅश न वापरता स्वतःच्या फोनने फोटो काढता येतात. आसपास पार्किंगला पैसे पडतात, आणि वेळा अधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्याआधी पाहून घ्या. घरबसल्या त्यांच्याकडून शोध करवून घेता येतो, पण त्याचं शुल्क लागू शकतं आणि थांबावंही लागतं. जवळ राहत असाल तर स्वतः जा.

तिथल्या अभिलेखतज्ज्ञ बाईंना मी आमच्याकडची सगळी माहिती सांगितली. नवीन वर्षाच्या दिवसाची गोष्ट ऐकून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, “मालक वारला तेव्हा त्याची मुलं अज्ञान, म्हणजे वयाने लहान होती का, हे शोधलंत?”

त्यांनी जे समजावलं ते नीट सांगते, कारण या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

१८६८पर्यंत नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रत्येक काउंटीत ‘कोर्ट ऑफ प्लीज अँड क्वार्टर सेशन्स’ असायचं. गावातले जस्टिस ऑफ द पीस वर्षातून चार वेळा बसायचे. ग्रॅनव्हिलच्या कागदांवर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या टर्म, म्हणजे कोर्टाच्या बैठका दिसतात. मयताची मालमत्ता आणि पोरक्या मुलांची पालकी, दोन्ही याच कोर्टाकडे. १८६८च्या राज्यघटनेने हे कोर्ट बंद केलं आणि काम सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे गेलं, ते आजही तिथेच आहे. म्हणून साल १८६८च्या अलीकडचं की पलीकडचं, यावर कागद कुठे शोधायचा ते ठरतं.

या कोर्टाच्या लेखी वडील वारले की मूल पोरकं, मग आई हयात असली तरी. त्या मुलाच्या नावावर मालमत्ता असेल तर कोर्ट पालक नेमायचं. पालकाला जामीनदारांसह मोठ्या रकमेचा बाँड, म्हणजे हमीचा कतबा लिहून द्यावा लागे आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागे. चौदा वर्षांचं मूल आपला पालक स्वतः निवडू शकायचं. एकविसाव्या वर्षी हिशेब मिटायचा. आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून पालकाचं नाव येतं, आणि १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टाने नेमलेल्या पालकाला मुलाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तोच धागा इथे होता. मला तो लगेच उमगला.

मग बाई मुद्द्यावर आल्या. अज्ञान मुलांच्या मालमत्तेत माणसंही असायची. मुलं मोठी होईपर्यंत पालक त्या माणसांना वर्षभराच्या कराराने भाड्याने द्यायचा. करार १ जानेवारीला सुरू व्हायचे. म्हणजे दर नवीन वर्षाला त्या माणसाने नव्या मालकाच्या दारात उभं राहायचं, कुठल्या ते आधी माहीत नसायचं. आणि पालकाला कोर्टाला हिशेब द्यायचा असल्यामुळे ते भाडं नावासकट लिहिलं जायचं : कोण, कुणाकडे, किती डॉलरला.

मी सुनेकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. ज्या माणसाला नवीन वर्षाचा दिवस नको असायचा, त्याचं कारण आम्हाला कळलं होतं.

तेव्हापासून आम्ही मालकाचं आडनाव शोधणं सोडलं आणि ग्रॅनव्हिलमध्ये १८३५ ते १८५०च्या दरम्यान अज्ञान मुलं मागे ठेवून वारलेल्या माणसांच्या फायली शोधायला लागलो. हे करण्याआधी काउंटीच्या सीमा पाहून घ्याव्या लागतात. ग्रॅनव्हिल १७४६मध्ये झाली, पण १८८१मध्ये तिच्यातला काही भाग तोडून व्हॅन्स काउंटी केली. आज व्हॅन्समध्ये असलेल्या शेताचे १८४२चे कागद ग्रॅनव्हिलच्याच नावाने आहेत.

या फायली मयताच्या नावाने, वर्णानुक्रमे लावलेल्या असतात, आणि त्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्चवर आहेत. मुलांच्या पालकीचे सुटे कागदही बरेचदा वडिलांच्याच फायलीत असतात, मुलांच्या नावाने शोधून हाती काही लागेलच असं नाही. बांधलेल्या वह्या वेगळ्या : बाँडच्या, पालकांच्या हिशेबांच्या, कोर्टाच्या कामकाजाच्या. एकाच मृत्यूचे कागद असे अनेक जागी विखुरलेले असतात, म्हणून एका ठिकाणी नाही मिळालं तर सोडून देऊ नका.

फॅमिलीसर्चने २०२४मध्ये हस्तलिखितं यंत्राने वाचून त्यांच्या मजकुरात शोध घेण्याची सोय सुरू केली, आणि तिची सुरुवात ज्या कागदांपासून झाली त्यांत अमेरिकेतली जमिनीची आणि वारसाची दप्तरं होती. आमचं नशीब असं की, पणजोबांचं पहिलं नाव फारसं चालतं नव्हतं. ते नाव, काउंटी आणि सालांची मर्यादा घातली. साधं नाव असेल तर हजारो पानं समोर येतात. अशा वेळी सोबत ‘भाडं’, ‘पालक’ अशा अर्थाचे त्या काळचे इंग्रजी शब्द किंवा शेजारच्या घरांची आडनावं घालून पाहा. यंत्र चुकीचं वाचतं, नावाची दोन-तीन वेगळी स्पेलिंगं करून बघावी लागतात.

जुलैत एक पान आलं. पालकाचा १८४७चा हिशेब. पणजोबांचं नाव, भाडं पंधरा डॉलर, आणि घेणाऱ्याचं नाव. तो घेणारा आमच्या ओळखीचा होता : १८७०च्या जनगणनेत पणजोबांच्या आसपासच्या घरांत त्याचं कुटुंब होतं.

मयताचं नाव त्या हिशेबाच्या मथळ्यावरच होतं. पण त्याच्या फायलीची काही पानं संगणकावर इतकी काळपट दिसत होती की एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूच्या अक्षरांत मिसळली होती. म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा रॉलीला गेले, या वेळी एकटी. सुनेने मध्येच थांबायचं ठरवलं होतं. तिला कागद वाचवेनात, आणि मी तिला आग्रह केला नाही. तुमच्याही घरात असं झालं तर होऊ द्या. ज्याचं रक्ताचं नातं आहे त्याला ते पान वेगळं दिसतं.

फाइल जाड होती. माणूस १८४२च्या उन्हाळ्यात मृत्युपत्र न करता गेला होता. आपल्याला वाटतं की मृत्युपत्र असलं तर माहिती जास्त मिळेल. माझं मत उलट झालं आहे. मृत्युपत्रात चार ओळीत सगळं बायकोला आणि मुलांना देऊन टाकलेलं असू शकतं. मृत्युपत्र नसलं की कोर्टाला प्रशासक नेमावा लागतो, बाँड घ्यावा लागतो, वस्तूंची यादी करावी लागते, लिलाव, विधवेची वर्षभराची बेगमी, तिचा जमिनीतला हयातीपुरता तिसरा हिस्सा, मग मुलांची पालकी, मग वाटणी. प्रत्येक पायरीला कागद. शोधणाऱ्याला तेच हवं असतं.

वर्षभराच्या बेगमीच्या कागदात मका, डुकराचं मांस, कॉफी, साखर, मीठ यांची वजनं आहेत. लिलावाच्या कागदात प्रत्येक वस्तू कुणी किती सेंटला घेतली ते आहे. नांगर, पिंप, आरसा. शेजारीपाजारी कोण होते हे त्या यादीइतकं कुठेच कळत नाही, म्हणून ती पूर्ण उतरवून घ्या, कंटाळा आला तरी.

नोव्हेंबर टर्म १८४२ची यादी फायलीत पुढेच होती. घोडे, गाई, डुकरं, तंबाखू, मक्याची पिंपं. त्यांच्याच खाली, त्याच अक्षरात, त्याच शाईने, माणसं. एका बाईचं नाव, आणि तिच्या नावाला जोडून तीन मुलांची नावं. मधला मुलगा, वय ७. तो आजींचा पणजोबा.

आणि ती त्याची आई.

मी पेन्सिलीने ते नाव कागदावर लिहिलं. पुन्हा मूळ पान पाहिलं, अक्षर न् अक्षर ताडून घेतलं. समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला पाण्यासाठी बाहेर जाऊन या म्हणून खुणावलं, तेव्हा माझा चेहरा कसा झाला होता ते मला कळलं. अभिलेखागारात रडणाऱ्या माणसांची तिथल्या लोकांना सवय असते. त्या अभिलेखतज्ज्ञ बाई जवळ आल्या, पान नीट ठेवलं आणि म्हणाल्या, घाई करू नका, फोल्डर तुमच्यासाठी ठेवते.

पुढचे आठवडे पालकाच्या हिशेबांत गेले. पालक होता मयताचा भाऊ. मयताची मुलं तीन : थोरली मुलगी नऊ वर्षांची, दुसरी तिच्या पाठची, मुलगा चार वर्षांचा. मी सालवार तक्ता केला, एका बाजूला या तीन मुलांचा खर्च, दुसऱ्या बाजूला माणसांचं भाडं. असा तक्ता केल्याशिवाय हे हिशेब उलगडत नाहीत, कारण प्रत्येक वर्षाचा कागद वेगळा आणि काही वर्षं गहाळ.

मुलांच्या बाजूला शाळेची फी, बूट, टोपी, डॉक्टर, पाटी. भाड्याच्या बाजूला त्या बाईचं नाव सुरुवातीच्या वर्षांत जमेला नाहीच, खर्चाला आहे. लहान मुलं अंगावर असलेल्या बाईचं भाडं येत नसे. उलट तिला आणि मुलांना वर्षभर ठेवून घेण्यासाठी पालक पैसे मोजायचा, आणि जो सगळ्यात कमी मागेल त्याच्याकडे तिला पाठवलं जायचं. तीन वर्षं तीन वेगवेगळी घरं. १८४५ला तिचा मधला मुलगा दहा वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा आईपासून वेगळा दिसतो, नुसत्या अन्नवस्त्रावर ठेवलेला. १८४७ला पंधरा डॉलर. पुढे रक्कम वाढत जाते. घेणाऱ्याने कपडे, बूट, टोपी आणि एक ब्लँकेट द्यावं, अशी अट एका करारात आहे.

बँकेत मी पुष्कळ हिशेब तपासले. इतका काटेकोर हिशेब क्वचितच पाहिला. तीन मुलांच्या मालमत्तेतला एक सेंट इकडचा तिकडे होऊ नये म्हणून कोर्ट दरवर्षी तपासत होतं. त्याच कागदावर दुसरी तीन मुलं आईपासून तुटत होती, आणि त्यांच्यासाठी कोर्टाने कुणालाही नेमलेलं नव्हतं. मला हे वाचताना राग येत होता आणि अजूनही येतो. पण त्या काटेकोरपणामुळेच त्यांची नावं उरली. जनगणनेने जे लिहिलं नाही ते पालकाने लिहिलं, कारण त्याला पै-पैचा जाब द्यायचा होता. गुलामगिरीतल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन : मृत्युपत्रांवर थांबू नका, पालकांचे वार्षिक हिशेब उघडा.

१८५१मध्ये मयताच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. त्या काळी बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याकडे जायची, आणि माणसं त्यातच मोजली जायची. नवऱ्याने नोव्हेंबर टर्ममध्ये वाटणीचा अर्ज केला. कोर्टाने नेमलेले आयुक्त जानेवारी १८५२मध्ये जमले, वर्षाचे करार संपल्यावर. त्यांनी माणसांचे तीन गट केले, प्रत्येकापुढे किंमत लिहिली, चिठ्ठ्या काढल्या. गटांच्या किमती सारख्या होईनात म्हणून एका वारसाने दुसऱ्याला वरची रक्कम द्यायची, असंही लिहिलं. पणजोबांची आई आणि तिची सगळ्यांत धाकटी मुलगी पहिल्या गटात, थोरल्या मुलीकडे. पणजोबा तिसऱ्या गटात, त्या लहान मुलग्याकडे, जो अजून अज्ञान होता. म्हणून सतरा वर्षांचे पणजोबा आणखी सात वर्षं दर जानेवारीला नव्या घरी गेले.

हे आमचेच पणजोबा कशावरून, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. नाव आणि वय जुळतं. १८६०च्या यादीत त्या धाकट्या वारसाच्या नावाखाली २५ वर्षांचा पुरुष आहे. १८७०मध्ये तो वारस पणजोबांपासून दोन घरं सोडून राहतो. नवीन वर्षाची घरातली गोष्ट हिशेबांशी जुळते. आणि पणजोबांच्या पहिल्या मुलीचं नाव यादीतल्या त्या बाईचंच आहे. कोर्टात सिद्ध करायचं असतं तर आणखी पुरावा मागितला असता, पण माझ्या मनात शंका उरलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये आजींना सांगायला गेलो. त्याआधी मी फोनवर विचारलं होतं की किमती, भाडी, हे सांगू की नुसती नावं सांगू. ज्येष्ठांना हे आधी विचारा. कागदांचा गठ्ठा एकदम पुढ्यात टाकू नका. त्या म्हणाल्या, “आकड्यांसकट सगळं सांग. त्यांनी ते सोसलं, मी ऐकू शकते.” सूनही आली, तिने स्वतः वाचून दाखवलं. आईचं नाव आल्यावर आजींनी ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, मग स्वतः म्हणाल्या. त्यांना तेव्हाच आठवलं की, त्यांच्या एका आत्याचंही तेच नाव होतं, आणि ते कुठून आलं हे कुणी सांगितलं नव्हतं.

दरम्यान आणखी एका दप्तराकडे लक्ष गेलं, तुम्हालाही लागेल म्हणून सांगते. ज्या पोरक्या मुलांकडे मालमत्ता नसे, त्यांना कोर्ट पालक देत नसे, उमेदवारीच्या करारावर कुणाकडे तरी बांधून टाकत असे. १८६५नंतर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या कितीतरी कृष्णवर्णीय मुलांना असं जुन्या मालकांकडेच बांधलं गेलं. १८६७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अँब्रोझ खटल्यात, मुलांना न कळवता असे करार करणं बेकायदा ठरवलं. हे बाँडही काउंटीवार ठेवलेले आहेत. ग्रीन्सबरो इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑन अमेरिकन स्लेव्हरी’मध्ये कोर्टातले अर्ज आणि खरेदीखतं नावावरून शोधता येतात, तेही फुकट.

ग्रॅनव्हिलचं मुख्य गाव ऑक्सफर्ड. आम्ही आजींना घेऊन तिथे गेलो. रजिस्टर ऑफ डीड्सच्या कचेरीत जमिनीची खतं पाहिली. गावातल्या रिचर्ड एच. थॉर्नटन ग्रंथालयात नॉर्थ कॅरोलायनाविषयीची वेगळी खोली आहे, स्थानिक घराण्यांची माहिती तिथे जपून ठेवतात. १८४०च्या सुमारास पुरं झालेलं कोर्टाचं घर अजून उभं आहे. आजी त्याच्या खांबांशी गेल्या, हात लावला आणि म्हणाल्या की भूक लागली आहे, कुठेतरी बसून जेवू या.

एकूण खर्च पेट्रोल, पार्किंग, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणि शेवटी छापून बांधलेल्या पुस्तिका, इतकाच झाला. पुस्तिकेत प्रत्येक कागदाचा फोटो, खाली त्याचा मजकूर टाइप केलेला आणि फाइल कुठे आहे तो क्रमांक घातला आहे. क्रमांक फोटो काढतानाच टिपून घ्या. फोल्डरच्या मुखपृष्ठाचा पहिला फोटो आणि मग आतली पानं, असा क्रम ठेवला की गोंधळ होत नाही.

आता पणजोबांची आई कुठे गेली ते शोधायचं आहे. थोरली मुलगी आणि तिचा नवरा १८५३मध्ये पश्चिम टेनेसीत हेवूड काउंटीत गेले, हे जमिनीच्या खतांवरून कळलं. पहिला गट त्यांच्याबरोबर गेला असणार. टेनेसीतही वारसाची आणि पालकीची दप्तरं काउंटी कोर्टाचीच असायची, याद्या आणि हिशेब वह्यांत उतरवलेले असायचे, आणि त्यांच्या मायक्रोफिल्म नॅशव्हिलच्या राज्य ग्रंथालय व अभिलेखागारात आहेत. तो नवरा १८५८मध्ये वारला, मागे दोन लहान मुलं होती. म्हणजे पालक नेमला गेला असेल, आणि त्याने हिशेब दिले असतील. सून म्हणाली आहे की या वेळी वाचायला ती बसणार.

हेवूड काउंटीच्या वह्या कुणी वापरल्या असतील तर मला जरूर लिहा.